भाताच्या पोत्यांतला स्टुडिओ

सिनेमाला संगीत द्यायला मी उत्रोलीत शिकले असं सांगितलं की पुण्या-मुंबईचे लोक आधी हसतात आणि मग विचारतात, हे उत्रोली आलं कुठं? भोरला लागूनच, म्हणते मी. तिथं एका घरात भाताची पोती ठेवायची खोली आहे. ती खोली म्हणजे आमचा स्टुडिओ. आणि त्या खोलीत मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली, गळ्यात भलामोठा हेडफोन अडकवलेली जी म्हातारी दिसेल, त्या आमच्या बाई. एवढं ऐकल्यावर हसणारे आणखी जोरात हसतात. हसोत बापडे. त्यांची अजून बाईंशी गाठ पडलेली नाही.

तो हेडफोन एकदा बघण्यासारखा आहे. कानावरच्या गाद्या कधीच्या झिजून गेल्या होत्या. बाईंनी जुन्या गोधडीचे तुकडे कापून, आत कापूस भरून, हाताने टाके घालून नव्या गाद्या शिवल्या. एक कान हिरवा, दुसरा लाल फुलाफुलांचा. नवा घ्या की, असं मी एकदा सुचवून बघितलं, तर म्हणाल्या, "ह्यो माझ्या आईच्या लुगड्याचा हाय. कंपनीवाल्यांकडं हाय का असला?" अंगावर सुती लुगडं, पायात भाच्याने आणून दिलेले पळायचे बूट आणि गळ्यात तो हेडफोन, अशा थाटात बाई भोरच्या बाजारात फिरत आणि भाजीवालीला सांगत, "तुझी हाळी आज अर्ध्या सुरानं उतरलीया. सर्दी झाली का गं?" भाजीवालीला खरंच सर्दी झालेली असे.

बाईंच्या स्टुडिओला हंगाम होता. घर त्यांच्या भावाचं. भावाने खोली दिली ती एका अटीवर, आधी भात, मग गाणं. सुगी झाली की खोलीत चारी भिंतींना छपरापर्यंत पोती लागत. भरलेली पोती आवाज गिळतात. टाळी वाजवली तर ती जणू हातातच विरते. त्या दिवसांत आम्ही माणसांचे आवाज रेकॉर्ड करायचो. कुणीतरी कानाशी येऊन बोलावं इतके जवळचे येत. पुढं भात विकलं जाई, भिंती उघड्या पडत, खोली घुमायला लागे. मग ढोल, सनई, जे काही मोठं नि लांबून यायला हवं ते. पोती न्यायला टेम्पो दारात आला की बाई चौकटीत आडव्या उभ्या राहत. "थांब रं दादा, हिचा दुसरा अंतरा ऱ्हायलाय." टेम्पोवाला बिचारा इंजिन बंद करून दुसरा अंतरा होईपर्यंत तंबाखू मळत बसे. इंद्रायणीची पोती खालचे सूर पितात आणि आंबेमोहोराची वरचे, हे बाईंचं ठाम मत होतं. खरं की खोटं, मला आजही सांगता येणार नाही. पण गाणाऱ्याचा आवाज जरा चिरका असला की आम्ही मुकाट्याने आंबेमोहोराची पोती उचलून त्याच्या तोंडासमोर नेऊन ठेवत असू.

मी भोरची. अब्बा पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतात. पुण्यात एका ऑफिसात फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची माझी नोकरी होती. दोन तक्रारींच्या मधल्या वेळात मी मोबाईलवर चाली बांधायचे, आणि एक दिवस ते टेबल सोडून घरी आले. अब्बांना म्हटलं, मला सिनेमाचं संगीत करायचंय. अब्बा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हातातली वायर गुंडाळत एवढंच म्हणाले, "एक वरीस. तेवढ्यात खूळ उतरलं तर ठीक, न्हाईतर म्या उतरवीन." तेव्हापासून आमच्या घरात माझ्या शिकण्याला 'खूळ' हेच नाव पडलं. "आज खूळ किती वाजता?" असं अब्बा सकाळी अगदी सहज विचारत, जणू शाळेची वेळ विचारताहेत.

बाईंनी मला पहिल्या दिवशी गायला लावलं नाही की वाजवायला लावलं नाही. विचारलं, "तुझ्या घरात सकाळी पहिला आवाज कसला व्हतो?"

"मोटर चालू करून बघतात अब्बा. बेअरिंग घासतंय का ते."

"घासतंय ते तुला कळतं?"

"कळतं की."

"मग उद्यापासून ये." माझ्या आधी आलेल्या एका मुलाने तानपुरा असं उत्तर दिलं होतं. बाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "तानपुऱ्यावर जागं व्हणारी माणसं आमच्या हितं कुठनं आली? लबाड कुठलं," म्हणाल्या.

त्यानंतर महिनोन् महिने आमची शाळा एसटीत भरली. बाई ज्येष्ठ नागरिक, त्यामुळे प्रवासाचा त्यांना भारी उत्साह. भाटघरला जा, वेल्ह्याला जा, मिळेल त्या गाडीने. मी खिडकीशी, कानात कापसाचे बोळे, बाई शेजारी. खिडकी म्हणजे पडदा. बाहेर जे दिसेल त्याला काय वाजवशील ते सांगायचं. धरणाची भिंत दिसली, मी म्हटलं, व्हायोलिन्स. बाईंनी कोपराने ढोसलं. डोंगर दिसला, मी म्हटलं, बासरी. पुन्हा ढोसणी. एक आजोबा एकटेच कट्ट्यावर बसलेले दिसले, मी म्हटलं, सारंगी. या वेळी इतक्या जोरात ढोसलं की कंडक्टरने वळून बघितलं. "त्या आजोबांनी काय घोडं मारलंय तुझं? बसलेत की सुखानं. सारंगी लावून त्यांची बायकू कशाला मारतीस?" शेवटी एका वळणावर कंटाळून मी म्हटलं, "काही नको वाजवायला." बाईंनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. तो मला मिळालेला पहिला लाडू. पुढच्या सहा-सात फेऱ्या मी दर वळणावर 'काही नको' म्हणत राहिले, तर लाडू बंद झाले.

बाईंनी वाद्यांसाठी तुरुंग केला होता. स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहिलेलं असे, 'या महिन्यात आत : बासरी.' महिनाभर बासरीचा आवाज वापरायचा नाही. सुटका झाली की तिच्या जागी पियानो आत जाई. संतूर तर जन्मठेपेवर होतं. लॅपटॉपमध्ये हजारो वाद्यं फुकट मिळतात आणि पोरं ती सगळी एकाच सीनला लावतात, याचा बाईंना संताप होता. सत्तरी ओलांडल्यावर त्या ते सॉफ्टवेअर शिकल्या आणि आमच्यापेक्षा चांगलं चालवत. पण आवाज घुमवायचं बटण मी जरा जास्त फिरवलं की म्हणत, "अगं, तुझा नायक हिरीत पडलाय का? दोर टाका रं कुणीतरी!"

सीन तपासायची त्यांची रीत मी दुसरीकडे कुठंच बघितली नाही. आमचं काम सुरू करायचं आणि त्यांनी सुपातले खडे निवडायचे. बोटं चालू आहेत तोवर ठीक. बोटं थांबली की आमचा जीव खाली-वर. कारण बोटं थांबल्यावर बाईंची मान एक तर पडद्याकडे वळे, नाहीतर स्पीकरकडे. पडद्याकडे वळली तर पास. स्पीकरकडे वळली तर सगळं पुसून नव्याने करायचं. "मला तुझं संगीत ऐकू आलं," हे बाईंच्या तोंडून निघणारं सगळ्यात वाईट वाक्य होतं.

आणि मालिका! त्यांच्या घरी सातच्या मालिकेला गल्लीतल्या बायका जमत. पण टीव्हीचा आवाज बंद. संवाद कुणालाच ऐकायचे नसत. बाई खाटेवर बसून तोंडाने पार्श्वसंगीत देत. सासू वळली की 'ढँऽऽण', आणि तेसुद्धा तिने वळायच्या आधी अर्धा क्षण, म्हणजे ती बाईंच्या आवाजाला दचकूनच वळली असं वाटे. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी येई. एकदा मात्र सुनेचा बाप तिला भेटायला येतो आणि ती दार उघडते, एवढाच सीन होता. बाईंनी काही म्हणजे काही केलं नाही, फक्त दार उघडल्यावर नाकाने एक बारीकसा सूर धरला. शेजारच्या मावशी, ज्यांचं तोंड झोपेतही मिटत नाही असं त्यांची सून सांगते, त्या पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "आक्का, नका वं असलं करू. आमचे आबा आठवले." मालिकेच्या खऱ्या संगीतापायी त्या गल्लीत आजवर कुणी रडलेलं नाही.

बाईंची हयात मुंबईच्या स्टुडिओंत गेली. वडील व्हायोलिन वाजवायचे, त्यांचं बोट धरून त्या गेल्या आणि वादकांसाठी स्वरलेखन करता करता सगळ्या वाद्यवृंदाची बांधणी करू लागल्या. पडद्यावर नाव कधी आलं नाही. मी हळहळले तर मलाच झापलं. "बरं झालं न्हाई आलं. लोकं नाव वाचत बसली असती आन पहिला सीन हुकला असता." असं म्हणणाऱ्या माणसाला थोडं तरी दुःख असणार, असं वाटून मी बरेच दिवस त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचे. मला काही सापडलं नाही. बाई खरोखरच मजेत होत्या.

वर्ष संपत आलं तेव्हा माझ्या हातात एकही सिनेमा नव्हता. पुण्याच्या ऑफिसातून अब्बांना फोन आला, जागा रिकामी आहे, मुलगी येणार असेल तर रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा. अब्बांनी मला निरोप सांगितला आणि पाना उचलून ते मोटरीकडे वळले. त्याच सुमारास पुण्याचा एक तरुण दिग्दर्शक बाईंकडे आला. त्याने वेल्ह्यापलीकडच्या पासली गावात एक छोटा चित्रपट केला होता. डोंगरातली मुलगी नर्सिंग शिकायला शहरात जाते, एवढीच गोष्ट. त्याला बाई हव्या होत्या. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "शेवटचा सीन हिला द्या. जमला तर समदा सिनेमा हिचा. न्हाई जमला तर तुमी मोकळे, ही मोकळी." मी मोकळी म्हणजे पुण्याच्या टेबलाशी, हे बाईंना ठाऊक होतं.

शेवटचा सीन असा. आई खाचरात भात लावतेय. वरच्या रस्त्याने मुलीची एसटी निघते, वळणावर जाते, दिसेनाशी होते. आई कमरेत वाकलेलीच. एकदाही मान वर करत नाही.

मला कल्पना सुचली आणि मी जागच्या जागी उडालेच. मुलगी घर सोडून चाललीय आणि गुरं घराकडे येताहेत. गुरांच्या गळ्यातली घंटा! मी पासलीला जाऊन एका गाईच्या मागे दिवसभर माइक घेऊन फिरले. गाईने मला दोनदा शिंगावर घेतलं असतं, पण घंटा अशी टिपली की वा. तिच्यावर मंद व्हायोलिन्स लावली. बाईंनी ऐकलं. बोटं तांदळात चालू राहिली. मग म्हणाल्या, "पासलीत दाखव. ज्यांचं चित्र हाय त्यांना कळंल." दिग्दर्शकालाही गावकऱ्यांना चित्रपट दाखवायचाच होता. ठरलं.

भर दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. सगळं गाव आलं. आपापली घरं, म्हशी, चुलते पडद्यावर ओळखण्यात अर्धा वेळ गेला. "ती बघ माझी म्हस! कशी बघतीया बया!" मग शेवटचा सीन आला आणि सगळे गप्प झाले. एसटी निघाली. आई वाकलेली. माझी घंटा वाजली.

पुढच्या रांगेतल्या एका आजीची मान गर्रकन वळली. पडद्याकडे नाही, स्पीकरकडेही नाही. दाराकडे.

"कुणाचं गं सुटलं?"

"भातात शिरलं जणू!"

"आरं पळा की, कापणीला आलंय!"

आणि गाव उठलं. कुणी काठी घेतली, कुणी चपला हातात घेतल्या, आणि अर्ध्याहून जास्त माणसं दारातून बाहेर. आश्विनातलं पिवळं पडलेलं भात, त्यात गुरं शिरली म्हणजे वर्षभराच्या घामावर पाणी. बाहेर 'हाऽऽड हाऽऽड' असा गलका. गुरं तर सगळी गोठ्यात बांधलेली. कुणाचं सुटलंय ते बघत माणसं सगळी खाचरं पालथी घालून परत आली, तोवर चित्रपट संपला होता. धापा टाकत आत आलेल्या एका काकांनी दिग्दर्शकालाच विचारलं, "मग? पोरगी गेली का ऱ्हायली?"

दिग्दर्शकाचा चेहरा मला अजून दिसतो. "मॅडम, क्लायमॅक्सला हॉल रिकामा झाला," तो बाईंना म्हणाला. "मला हे पुण्यातल्या कुणाला तरी द्यावं लागेल." बाई खांबाला धरून हसत होत्या. हसत हसत खाली बसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सोमवारपर्यंत थांबा. तेवढं म्हातारीचं ऐका." त्याने ऐकलं. बहुतेक त्या हसण्याला घाबरून ऐकलं असावं.

परतीच्या एसटीत मी रडत होते आणि बाई अधूनमधून हसत होत्या. वेल्हं मागं पडल्यावर त्यांनी लाडू काढला.

"हा कशाबद्दल?" मी चिडून विचारलं.

"घंटेबद्दल. गाव उठवलंस. मुंबईत पन्नास वादक बसवून कुणाला जमलं न्हाई असलं. पर तुझी घंटा त्यांना आईपासनं घेऊन गेली. ती आई मान वर का करत न्हाई, सांग."

मी विचार केला. "वर बघितलं तर ती मुलीला हाक मारेल. थांबवेल."

"व्हय ना? मग एवढी हाक तोंडात दाबून धरल्यावर आवाज कसा निघंल?"

मी खिडकीबाहेर बघत तोंड मिटून एक सूर धरला. घशातल्या घशात. भाताची लावणी करताना बायका वाकलेल्या असतात, शब्द संपतात, चाल तेवढी मिटल्या तोंडात चालू राहते, तसा. वाकल्यावर तुटतो, श्वास घेतला की पुन्हा लागतो. नसरापूर येईपर्यंत मी तो सूर धरत होते आणि पुढच्या बाकावरची मुलगी मला वेडी समजत होती.

रविवारी रेकॉर्डिंगला बसलो आणि अडलं. नवं भात अजून शेतात. खोलीत एक पोतं नाही. माझं गुणगुणणं त्या रिकाम्या खोलीत असं घुमलं की आई खाचरात नव्हे, तर देवळाच्या गाभाऱ्यात भात लावतेय असं वाटलं. मी म्हटलं, शेतात जाऊन करू. बाईंनी कपाळावर हात मारला. "पिकल्या भाताची सळसळ येईल मागं. चित्रात लावणी आन आवाजात कापणी! पासलीकर पुन्हा उठत्याल." दोरीवर गोधड्या टांगून बघितल्या. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. पोत्यांसारखं भरीव काहीतरी हवं होतं.

बाई अंगणात गेल्या आणि हाळी दिली, "अगं या गं समद्या! गडी असतील तर त्यांनाबी आणा! येताना गोधड्या घिऊन या!"

कुणाचं काय झालं म्हणून गल्ली धावली. बाईंनी एकेकाला आत घेऊन भिंतीला पाठ लावून उभं केलं. हातात गोधडी, ती छातीसमोर पसरून धरायची. अंगाने भरलेली माणसं कोपऱ्यात, कारण कोपऱ्यात आवाज साचतो. शेजारच्या मावशींना कोपरा मिळाला तेव्हा त्या फुगल्या. "आक्का, म्या एवढी जाड हाय व्हय?" "जाड न्हाई, इंद्रायणी हायस," बाई म्हणाल्या, आणि मावशी खूश होऊन कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "माणसासारखं आवाज पिणारं काय न्हाई. फकस्त त्यानं तोंड मिटलं पायजे."

तेवढ्यात अब्बांची मोटरसायकल अंगणात आली. संध्याकाळ होत आली होती, ऑफिसला उत्तर द्यायचं होतं. ते दारात उभे राहून मला शोधू लागले.

"आलात? बरं झालं," बाई म्हणाल्या. "दाराशी जागा मोकळी हाय. ही गोधडी धरा."

"अवं, पर म्या लेकीला न्यायला..."

"बोलू नगा. पोती बोलत न्हाईत."

अब्बा आयुष्यात कुणाचं ऐकत नाहीत. पण त्यांनी गोधडी धरली.

मधोमध स्टुलावर लॅपटॉप, समोर माइक, मी. पहिला टेक चांगला चालला होता. एसटी वळणाला लागली आणि कोपऱ्यातून मावशींचा बांध फुटला, "अगं बघ की वर! लेकरू चाललंय!"

"पोतं बोललं! पुन्हा!" बाई ओरडल्या. सगळ्या भिंती हसू लागल्या. मावशींच्या तोंडात पदराचा बोळा कोंबण्यात आला, तो त्यांनी स्वतःच कोंबला.

दुसऱ्या टेकला मी फक्त त्या आईच्या पाठीकडे बघितलं. ती वाकली की माझा सूर तुटला. ती पुढं सरकली की पुन्हा लागला. एसटी वळणाआड गेली तिथं मी थांबले, आणि खोलीत एवढी माणसं असून श्वासाचाही आवाज आला नाही. आईने पुढची रोपं मातीत खोचली, तेव्हा मी पुन्हा धरला, थोडा खाली. हेडफोनमध्ये तो सूर इतका जवळ होता की तो माझाच आहे हे मी विसरून गेले. चित्र संपलं तरी कुणी गोधडी खाली केली नाही.

तोच टेक चित्रपटात आहे. सोमवारी दिग्दर्शकाने ऐकला आणि दुसऱ्या दिवशी बाकीचा सगळा चित्रपट माझ्याकडे पाठवला. पासलीत पुन्हा दाखवला तेव्हा कुणी उठलं नाही. धापा टाकत आलेले ते काका शेवटी डोळे चोळत म्हणाले, "गेली म्हणायची पोरगी." बाईंनी पूर्ण चित्रपट बघून माझ्या तीन चुका काढल्या आणि संतुराची शिक्षा कायम ठेवली. अजूनही कुठलंही काम पुरं झालं की मी आधी उत्रोलीला जाते. बाईंच्या पायात नवे बूट आहेत, बाकी सगळं तेच. परवा मला म्हणाल्या, "तुझ्या मागच्या सिनेमात मला संगीत ऐकू आलं." दोन दिवस जेवण गेलं नाही मला.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी दुसरा टेक झाला, बाईंनी "आणखी एक घेऊ" म्हणून बोट वर केलं, आणि अब्बांच्या खिशातला मोबाईल खणाणला.

ऑफिसचा फोन. सगळ्या गल्लीने गोधड्यांच्या वरून त्यांच्याकडे बघितलं. अब्बांनी एका हाताने गोधडी तशीच धरली आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

"हां साहेब, बोला." पलीकडचा बराच वेळ बोलला. अब्बा ऐकत माझ्याकडे बघत होते. मी घामाने भिजलेली, समोर माइक. मला वाटलं, झालं. संपलं वर्ष.

"न्हाई साहेब, फोन न्हाई देता येत तिला," अब्बा म्हणाले. "ती कामावर हाय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "न्हाई, न्हाई. नंतरबी न्हाई. दुसरं कुणीतरी बघा तुमी."

त्यांनी मोबाईल बंद करून खिशात टाकला. गोधड्यांच्या वरचे सगळे डोळे बाईंकडे वळले.

"झालं?" बाई म्हणाल्या. "मग गोधडी जरा वर धरा, मोटरवाले. तुमच्या बाजूनं आवाज गळतोय."

अब्बांनी गोधडी वर धरली. आधी छातीपर्यंत, मग हनुवटीपर्यंत, मग त्यांचा चेहराच दिसेनासा झाला, आणि वरच्या काठाला घट्ट धरलेली काळी, ग्रीसची बोटं तेवढी राहिली. बाईंनी मला खूण केली. तिसरा टेक पूर्ण वाया गेला. माझा सूरच लागेना.